ती शांतता कोणाची?



हवाई बेटांपैकी मोलोकाई बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर कलाउपापा नावाचे गाव आहे. फार पूर्वी उंच कड्याच्या पायथ्याशी एक लहान ज्वालामुखी समुद्रातून वर आला, त्याचा लाव्हा पसरून जमिनीची सपाट जीभ तयार झाली. तिच्यावर हे गाव वसले. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला सरळ कडा. काळा खडक, वारा आणि लाटांची गाज. मन निवावे अशी जागा!

पण ही शांतता आली कोठून? १८६५ साली हवाईच्या राजसत्तेने कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याचा कायदा केला आणि जानेवारी १८६६ मध्ये पहिले रुग्ण येथे आणून सोडले. १९६९ पर्यंत हा नियम चालला. सुमारे आठ हजार माणसे येथे आली, बहुतेकांची माती येथेच झाली. त्यांना जन्मलेली बाळे त्यांच्यापासून दूर केली जात. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहणाऱ्या मूळ रहिवाशांनाही अखेरीस घरेदारे सोडावी लागली. म्हणजे आज पाहुण्याला सुखावणारी शांतता माणसांना उचलून निर्माण केलेली आहे.

मग अशा ठिकाणी मनःशांतीसाठी जावे का? काही म्हणतील, दुसऱ्याचे दुःख हे काय सहलीचे ठिकाण? मला हा आक्षेप अर्धाच पटतो. कोणी गेलेच नाही, तर बेटावर टाकलेली माणसे दुसऱ्यांदा टाकली जातील. प्रश्न जाण्याचा नाही, कोण म्हणून जातो याचा आहे.

फादर दामियन १० मे १८७३ रोजी तेथे उतरले ते पाहुणे म्हणूनच. चार धर्मगुरूंनी पाळीपाळीने जावे असे ठरले होते. पहिली पाळी त्यांची, आणि ती संपलीच नाही. प्रवचनात ते ‘आपण कुष्ठरोगी’ असे म्हणत, तेही स्वतःला रोग होण्याच्या कितीतरी आधी. एकदा त्यांचे वरिष्ठ बोटीने आले, पण कप्तानाने त्यांना उतरू दिले नाही आणि दामियनना बोटीवर चढू दिले नाही. तेव्हा दामियननी खाली होडीत उभे राहून, वर डेकवर उभ्या वरिष्ठांकडे मोठ्याने ओरडून पापनिवेदन केले. आपल्याला कबुलीजबाबाच्या जाळीआडूनही पुटपुटताना लाज वाटते!

मार्ककृत शुभवर्तमानात प्रभू येशू कुष्ठरोग्याला हात लावतो. तो माणूस गावात परततो, आणि येशूला मात्र उघडपणे गावात शिरता येत नाही, तो ओसाड जागी राहतो. दोघांच्या जागांची अदलाबदल होते. दामियननी हीच अदलाबदल केली.

हे सर्व दूरच्या बेटावरचे आहे, असे समजू नये. आपल्याच देशात, आपल्या ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या १८६९च्या घटस्फोट कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते २०१९ साली काढले गेले. औषध मात्र कितीतरी आधीच आले होते. आणि कलाउपापात? तेथे निरोगी पती वा पत्नी आजारी जोडीदाराबरोबर स्वखुशीने जाऊन राहत. त्यांना ‘कोकुआ’, म्हणजे मदतनीस म्हणत. त्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

१९६९ नंतर रुग्णांना कोठेही जाण्याची मोकळीक मिळाली, तरी कित्येकांनी तेथेच राहणे पसंत केले. ते त्यांचे घर झाले होते. म्हणून काही कायदा न्याय्य ठरत नाही. पण त्या गावाला नुसता तुरुंग म्हणणेही त्या माणसांवर अन्याय होईल. पाहुण्यांवर मर्यादा आहेत, परवानगीशिवाय जाता येत नाही. घरात शिरण्याआधी आपण दार वाजवतोच ना?

दामियन १५ एप्रिल १८८९ रोजी वारले. १९३६ साली त्यांचे शव बेल्जियमला नेण्यात आले. १९९५ साली त्यांना धन्यवादित घोषित केल्यानंतर त्यांचा उजवा हात मोलोकाईला परत आला आणि कलावाओच्या चर्चजवळ, त्यांच्या जुन्या कबरीत पुरला गेला.