कबुली, नियम आणि पश्चात्‌बुद्धी

गुन्हेशोधाच्या कथेत शोधक हा मूलतः वाचकाचा प्रतिनिधी असतो. वाचकाला जे ठाऊक नाही ते त्यालाही ठाऊक नसते, आणि त्याला जे कळते ते अखेरीस वाचकाचेही होते. या प्रातिनिधिकतेमुळे त्याच्या ज्ञानसाधनांकडे वाचक सहसा संशयाने पाहत नाही. त्याने कुलूप तोडले, पत्र चोरून वाचले, साक्षीदाराला दमात घेतले, तरी सत्य हाती लागले की हे सारे क्षम्य ठरते. किंबहुना क्षमेचा प्रश्नच उद्भवत नाही. शोधकालाच न्यायासनासमोर उभे करणारी कथा मात्र वाचकाशी झालेला हा अलिखित करार मोडते. 'गुन्हा कोणी केला' हा प्रश्न तीत मागे पडतो आणि 'हे तुला कसे कळले' हा प्रश्न पुढे येतो. प्रस्तुत लेखात अशाच एका दूरचित्रवाणी मालिकेच्या आधारे या दुसऱ्या प्रश्नाचा नैतिक आशय तपासावयाचा आहे.

'अ कन्फेशन' ही सहा भागांची मालिका २०१९ साली ब्रिटनमधील आयटीव्ही वाहिनीवरून प्रसारित झाली. तिचे लेखन जेफ पोप यांचे. मार्टिन फ्रीमन यांनी तीत विल्टशर पोलीस दलातील अधिकारी स्टीव्ह फुल्चर यांची भूमिका केली आहे. कथानक काल्पनिक नाही. मार्च २०११ मध्ये स्विंडन येथील शान ओकॅलहन ही बावीस वर्षांची तरुणी रात्री घरी परतताना बेपत्ता झाली. पाच दिवसांनी ख्रिस्तोफर हॅलिवेल या टॅक्सीचालकास अटक झाली. १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा अधिनियमानुसार आणि त्याखालील आचारसंहितेनुसार त्याला ठाण्यावर नेणे, वकील उपलब्ध करून देणे आणि गप्प राहण्याच्या अधिकाराची ताकीद देऊन मगच प्रश्न विचारणे आवश्यक होते. जीवितास तातडीचा धोका असेल तर ठाण्याबाहेर मर्यादित विचारपूस करण्याची मुभा संहितेत आहे. तशी विचारपूस झाली, परंतु हॅलिवेलने काहीच सांगितले नाही. तेव्हा फुल्चर यांनी त्याला बार्बरी कॅसल या टेकडीवरील प्राचीन गढीपाशी आणवले आणि वकिलाविना, ताकीद न देता त्याच्याशी बोलणे केले. टिपणे घेण्यासाठी एक व्यक्ती तेवढी सोबत होती. काही मिनिटांनी हॅलिवेल शान कोठे आहे ते दाखविण्यास तयार झाला. ती हयात नव्हती. त्यानंतर त्याने आपण होऊन आणखी एका स्त्रीचा उल्लेख केला आणि पोलिसांना ग्लॉस्टरशरमधील ईस्टलीच येथील शेतात नेले. तेथे आठ वर्षांपूर्वी नाहीशी झालेल्या बेकी गॉडनचे अवशेष मिळाले.

मालिकेचे शीर्षक येथे लक्षात घेण्याजोगे आहे. 'एक कबुली': पण कोणाची? प्रथमदर्शनी ती हॅलिवेलची. परंतु मालिकेच्या उत्तरार्धात फुल्चर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहतात तेव्हा शब्दाचा रोख हळूहळू बदलतो. आपल्याला नियम ठाऊक होते, ते आपण जाणीवपूर्वक बाजूला ठेवले, हे ते शपथेवर सांगतात. ही दुसरी कबुली पहिलीपेक्षा विधिवत आहे. ती देणाऱ्याला परिणामांची पूर्ण कल्पना आहे. मराठीत 'कबुली' आणि 'कबुलीजबाब' असे दोन शब्द उपलब्ध आहेत आणि त्यांतील अंतर येथे उपयोगी पडावे. टेकडीवर मिळाली ती कबुली होती, कबुलीजबाब नव्हता. फुल्चर यांनी न्यायालयात दिला तो कबुलीजबाब होता. ती कबुली होती का, याकडे पुढे वळू.

२०१२ मध्ये न्यायमूर्ती लॉरा कॉक्स यांनी टेकडीवरची व त्यानंतरची विधाने पुराव्यात घेण्यास नकार दिला. शानच्या बाबतीत अन्य पुरावा होता. हॅलिवेलने गुन्हा मान्य केला आणि त्याला जन्मठेप झाली. बेकीच्या बाबतीत त्या विधानांखेरीज हाती फारसे काही नव्हते. तो आरोप मागे पडला. इंग्लंडच्या कायद्यातील एक तरतूद येथे कथनमीमांसेच्या अभ्यासकाला थबकवते. कबुली अग्राह्य ठरली तरी तिच्यामुळे उघड झालेली वस्तुस्थिती ग्राह्य राहते. मात्र ती आरोपीच्या सांगण्यावरून उघड झाली हे फिर्यादी पक्षाला सांगता येत नाही. म्हणजे शेतात अवशेष सापडले असे म्हणता येते, ते कोणी दाखवले हे म्हणता येत नाही. मराठीच्या व्याकरणात हा भेद फार सुबकपणे सामावलेला आहे. 'शोधणे' आणि 'दाखवणे' यांना कर्ता लागतो. 'सापडणे' या क्रियापदाला सापडवणाऱ्याची गरज नाही. कायद्याने 'सापडणे' राहू दिले आणि 'दाखवणे' खोडून टाकले. ज्या आईने मुलीचे अवशेष कसे मिळाले ते ऐकले होते, तिला कर्ता पुसून टाकलेले हे वाक्य ऐकावे लागले. बेकीच्या आईच्या, कॅरन एडवर्ड्स यांच्या, भूमिकेत इमेल्डा स्टॉन्टन यांचा संताप प्रेक्षकाला भिडतो तो यामुळेच. तो केवळ शोकाचा नव्हे, अपुऱ्या वाक्याविरुद्धचाही आहे.

पुढे २०१४ मध्ये फुल्चर यांना शिस्तभंगाच्या चौकशीत गंभीर गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवून अखेरची लेखी ताकीद देण्यात आली; त्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला. २०१६ मध्ये नव्या पुराव्याच्या आधारे बेकीच्या खुनाचा खटला उभा राहिला. हॅलिवेलच्या अवजारावरील मातीचा पुरावा त्यांत होता. या वेळी न्यायाधीशांनी तीच विधाने ज्यूरीपुढे येऊ दिली. हॅलिवेल दोषी ठरला आणि त्याला आमरण कारावासाची शिक्षा झाली. एकच संहिता, दोन न्यायालये, दोन वाचने. संहितेचा अर्थ तिच्या संदर्भचौकटीवर अवलंबून असतो हे आपण वर्गात सांगत आलो आहोत. येथे त्या सिद्धांतावर एका माणसाची नोकरी आणि दोन कुटुंबांची वर्षे टांगलेली होती.

मालिकेचा कल कोणीकडे आहे हे लपत नाही. प्रेक्षक टेकडीवर फुल्चर यांच्या बरोबर जातो, त्यांच्या बरोबर शेतात उभा राहतो, आणि पुढे न्यायालयात वकील त्यांना प्रश्न विचारू लागतो तेव्हा तो प्रश्न आपल्यालाच विचारला जात आहे असे त्याला वाटते. हॅलिवेलच्या अंतरंगात मालिका शिरत नाही. जो ॲबसोलम यांनी त्याला एक सपाट, बंद चेहरा दिला आहे. या निवडीचे मी स्वागत करतो, कारण खुनी मनाच्या रहस्याचे जे किळसवाणे आकर्षण या कथाप्रकाराला जडले आहे त्यापासून मालिका दूर राहते. पण त्याची एक किंमत आहे. ज्याच्या अधिकारांचा प्रश्न आहे तो मनुष्य कथेत केवळ एक कुलूप बनून राहतो, आणि कुलपाला अधिकार असतात हे कोणाला पटावे?

येथे पश्चात्‌बुद्धीचा मुद्दा येतो. हॅलिवेल खुनी होता हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. टेकडीवर उभ्या असलेल्या फुल्चर यांना ते ठाऊक नव्हते; त्यांचा दाट संशय होता, सबळ कारणे होती, पण ज्ञान नव्हते. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये 'नैतिक दैव' या संकल्पनेची जी चर्चा सुरू केली तिचा रोख नेमका याकडे आहे: कृतीचे मूल्यमापन आपण अशा गोष्टींवरून करतो ज्या कर्त्याच्या हाती नव्हत्या. समजा, टेकडीवर आणलेला तो टॅक्सीचालक निरपराध असता आणि भेदरून काहीबाही बोलून गेला असता. कृती तीच, हेतू तोच, वारा आणि टेकडीही त्याच. आपण मग फुल्चर यांच्या बाजूने उभे राहिलो असतो का? मालिका हा प्रश्न विचारत नाही; विचारू शकत नाही, कारण घडलेल्या घटनेत तो अंतर्भूत नाही. सत्यकथेवर आधारलेल्या नाट्याचा हा कलात्मक दोष नव्हे, ती त्याच्या घाटाची मर्यादा आहे. कथा एका प्रसंगाची असते. नियम अनेक प्रसंगांसाठी केलेला असतो आणि त्यांतील बहुतेक प्रसंग कथा होण्याच्या लायकीचे नसतात.

वास्तविक ज्या अधिनियमाने फुल्चर यांना अडवले तोही एका कथेतूनच जन्मला. १९७२ साली लंडनमध्ये मॅक्सवेल कॉन्फेट याचा खून झाला आणि चौदा, पंधरा व अठरा वर्षांची तीन मुले पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीवरून दोषी ठरली. अठरा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय फार कमी होते. १९७५ मध्ये त्यांची दोषसिद्धी रद्द झाली. चौकशी झाली, राजआयोग नेमला गेला आणि १९८४ चा कायदा आला. तो कायदा लागू होण्यापूर्वी शिक्षा झालेले बर्मिंगहॅमचे सहा जण १९९१ पर्यंत तुरुंगातच होते. पिंजऱ्यातील फुल्चर यांना जेव्हा नियमाचे स्मरण करून दिले जाते तेव्हा त्या वाक्यामागे ही मुले उभी असतात. मालिकेत ती दिसत नाहीत. दिसते ती एका शोकाकुल आईची व्यथा आणि समोर कलमांचा शुष्क उच्चार. लढत आधीच ठरलेली आहे.

असे असले तरी फुल्चर यांच्या कृत्याचा विचार एवढ्यावर संपवणे अन्यायाचे होईल. १९७१ च्या 'डर्टी हॅरी' चित्रपटातील पोलीस अधिकारी पुरून ठेवलेल्या मुलीचा ठावठिकाणा काढण्यासाठी संशयिताच्या जखमी पायावर पाय देतो. फुल्चर यांनी बोटही लावले नाही. त्यांचा हेतू एका जिवाला वाचविण्याचा होता, आणि जीविताचा हक्क मौनाच्या हक्कापेक्षा वरचा आहे हे त्यांचे प्रतिपादन सहज झटकून टाकण्यासारखे नाही. मला त्यांची पहिली कृती समर्थनीय वाटते. अडचण दुसरीपाशी सुरू होते. शान हयात नाही हे कळल्यावर तातडी संपली होती. आता वाचवायचे कोणी उरले नव्हते. त्या क्षणी ताकीद देऊन हॅलिवेलला ठाण्यावर नेणे शक्य होते; तसे झाले नाही, आणि दुसरी कबुली त्याच मोकळ्या हवेत मिळाली. पहिल्या नियमभंगाचे समर्थन दुसऱ्याला लागू पडत नाही. मालिका मात्र दोन्हींना एकाच श्वासात घेते, आणि भावनेच्या ओघात प्रेक्षकही घेतो. गंमत अशी की ज्या मुलीसाठी कॅरन एडवर्ड्स नियमाविरुद्ध उभ्या राहतात ती या दुसऱ्या, कमी समर्थनीय भागातूनच त्यांना परत मिळाली आहे.

मायकेल वॉल्झर यांनी १९७३ मध्ये 'मळलेल्या हातां'विषयी लिहिताना असे सुचवले की प्रसंगी चुकीचे कृत्य करणे योग्य ठरू शकते, मात्र करणाऱ्याने आपण चुकीचे केले हे जाणले पाहिजे आणि त्याचे ओझे वाहिले पाहिजे. आपल्याला हे नवे वाटू नये. द्रोणपर्वात अश्वत्थामा मारला गेल्याचे अर्धसत्य युधिष्ठिर उच्चारतो. युद्धाच्या दृष्टीने ते अपरिहार्य असेल, पण जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ भुईला टेकतो. महाभारतकार त्या कृतीचे समर्थनही करीत नाहीत आणि युधिष्ठिराला टाकूनही देत नाहीत. फक्त रथ खाली आणतात. फुल्चर यांची भूमिका याहून वेगळी आहे. पुन्हा प्रसंग आला तर आपण तेच करू, चूक नियमाची आहे, असे ते मानतात. म्हणूनच त्यांचा कबुलीजबाब कबुली ठरत नाही. ते वस्तुस्थिती मान्य करतात, दोष नव्हे. चौकशी मंडळाने त्यांचा रथ खाली आणला. त्यांच्या लेखी तो वरच होता.

हाच प्रसंग भारतीय कायद्याच्या चौकटीत घडता तर? १८७२ च्या पुरावा कायद्यानुसार पोलिसापुढील कबुली अग्राह्य होती, परंतु कलम २७ प्रमाणे आरोपीच्या माहितीवरून जी वस्तू सापडली तिच्याशी थेट निगडित असलेले त्याचे शब्द ग्राह्य होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये हीच व्यवस्था कायम आहे. म्हणजे 'मी मारले' वगळले जाईल, 'मी तेथे पुरले, दाखवतो' राहील. आपल्याकडे ही मालिका बहुधा लिहिलीच गेली नसती. दोन पंच बोलावले असते, पंचनामा झाला असता. पण या सोयीचे दुसरे टोक आपण चांगले जाणतो. दाखवण्याला किंमत मिळते तेथे दाखवायला लावण्याचीही शक्यता वाढते, आणि फितूर झालेला पंच हा आपल्या न्यायालयांतील ओळखीचा माणूस आहे. महाराष्ट्राने तर १९९९ च्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीच ग्राह्य केली. जुलै २००६ च्या मुंबईतील रेल्वे बाँबस्फोटांच्या खटल्यात अशा कबुल्यांचे वजन मोठे होते. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या नाकारून बाराही जणांना निर्दोष मुक्त केले आणि छळाबाबतचे त्यांचे म्हणणे स्वीकारले. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांनी हा निवाडा पूर्वोदाहरण मानू नये असा आदेश दिला. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवले नाही. तोवर ते सुमारे एकोणीस वर्षे आत होते.

स्विंडनची कथा आणि ही कथा शेजारी ठेवून वाचली पाहिजे. पण कॅरन एडवर्ड्स यांच्यासमोर बसून ही दुसरी कथा सांगता येईल का, याची मला खात्री नाही. नियम तंतोतंत पाळला गेला असता तर त्यांची मुलगी बहुधा आजही ईस्टलीचच्या त्या शेतातच असती, आणि नियमाच्या बाजूने बोलताना हे वाक्य गाळायला नको.