चिन्नोरचा एक दाणा

बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनीत एखाद्या घरी धानाच्या कोठीशी बसा. चिन्नोरचा एक दाणा तळहातावर घ्या. तुसासकट, गिरणीतून आलेला नको. बालाघाटच्या या सुवासिक धानाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही क्षणभर विसरा. डोळे मिटा, श्वास संथ होऊ द्या. फक्त दाणा.

तो मेलेला नाही, गप्प आहे. त्याच्या अंकुराच्या एकेका पेशीत वीतभराहून जरा लांबच धागा मावलेला आहे. कसा मावला असेल? कोष्ट्याच्या धोट्यातली कांडी आठवा, तिच्यावर गच्च गुंडाळलेलं सूत आठवा. डीएनएचा धागा असाच हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर बसतो. आठ हिस्टोनांची एक कांडी, तिच्यावर पुरते दोनही नाहीत असे वेढे, म्हणजे डीएनएची 147 अक्षरं. मग पुढची कांडी. अशा लाखो.

हिस्टोनांच्या शेपट्यांवर धन भार, धाग्यावर ऋण. म्हणून मिठी घट्ट. या घट्टपणाजवळ थोडं थांबा. अक्षरं सगळी जागच्या जागी आहेत, पण वेढ्यात दडलेलं वाचणार कोण?

आता दाणा पाण्यात सोडा. घाई नको.

पाणी आत झिरपतं. अंकुर जिबरेलिन हे संप्रेरक सोडतो. ते पोहोचतं कोंड्यातल्या एका जिवंत थरापर्यंत. (हा थर आणि अंकुर आपण पॉलिश करून काढून टाकतो, म्हणून दुकानातला तांदूळ भिजून फुगतो, त्याला मोड येत नाहीत.) त्या थरात जीएएमवायबी नावाचं प्रथिन तयार होतं. कोट्यवधी अक्षरांत त्याला सातच अक्षरांचा पत्ता ठाऊक: टी-ए-ए-सी-ए-ए-ए. तिथं ते बसतं.

पण नुसतं बसून भागत नाही. पत्ता ओळखणारी अशी प्रथिनं मदतनीस विकरांना बोलावून घेतात. ती विकरं शेपट्यांवर असिटिलचे छोटे गट चिकटवतात. धन भार उतरतो, मिठी सैलावते, शिवाय ती खूण बघून वाचणारी यंत्रणाही येते. असिटिलचा हा संबंध व्हिन्सेंट ऑल्फ्री यांनी 1964 मध्येच सुचवला होता. तो मनावर घ्यायला जगाला 1996 उजाडलं! त्या वर्षी डेव्हिड ॲलिस यांच्या गटाला टेट्राहायमिना या एकपेशीय जिवात असिटिल लावणारं विकर सापडलं, आणि ते यीस्टमध्ये जनुकं चालू करायला मदत करणाऱ्या एका ओळखीच्या प्रथिनाचंच भावंड निघालं. मक्याच्या दाण्यातही जिबरेलिनबरोबर असिटिलच्या खुणा वाढलेल्या दिसल्या आहेत.

आणि असिटिल काढून घेणारी विकरंही तिथंच असतात. सैल झालेलं पुन्हा आवळता येतं. श्वास घ्या, सोडा.

आत त्या पत्त्याशेजारचं जनुक वाचलं जातं आणि अमायलेज हे विकर बनू लागतं. पिठाची साखर होते, अंकुराला पोचते. डोळे उघडाल तेव्हा दाणा तसाच दिसेल. उद्या बघा, परवा बघा. तुसाच्या टोकाशी पांढरा ठिपका येईल.