जुने काम सोडताना



अष्टांगिक मार्गाची आठही अंगे आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. परंतु सम्यक आजीविकेशी आलो की मोठ्या माणसांचा आवाज जरा खाली येतो. देव्हारा उतरवायला एक दिवस पुरतो. ज्या कामावर चूल पेटते ते काम मात्र एका दिवसात बदलत नाही. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कित्येक घरांत आज हाच प्रश्न आहे. मन बदलले, हातातले काम तेच राहिले. आता काय करावे?

प्रथम हे पाहू की धम्म कोणते काम सोडायला सांगतो. भगवान बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. या पाचांत झाडू नाही, गटार नाही, हलगी नाही. ज्या कामाने अंग मळते ते काम नीच, हा हिशेब मनुस्मृतीचा आहे. तेव्हा सफाई करणाऱ्या उपासकाने विहारात मागच्या रांगेत बसण्याचे काही कारण नाही. उलट, ज्याच्या घरी हातभट्टीची दारू विकली जाते त्याची गोष्ट वेगळी आहे. ते काम सोडलेच पाहिजे.

मग सफाईचे काम तरी का बदलायचे? काम वाईट म्हणून नव्हे, तर ते जन्माने गळ्यात पडते म्हणून. महार वतनाचे उदाहरण आठवा. वतनाची जमीन तुटपुंजी होती, पण तिच्या आशेने माणूस पिढ्यान्‌पिढ्या गावकीच्या चाकरीत अडकून पडला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविषयीचे विधेयक मांडले, आणि हलकी वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तोवर आपल्यातलीच काही माणसे वतन सुटू नये म्हणून अडून बसली होती. त्यांना हसू नये. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागण्याची भीती गरिबाला असतेच.

माझ्या शाळेतून गेलेल्या एका मुलाचे उदाहरण सांगतो. वडील नगरपालिकेत सफाई कामगार, निवृत्तीला तीन वर्षे उरलेली. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. वडील म्हणतात, पक्की नोकरी आहे, पगार आहे, लागून जा. मुलगा आयटीआयमध्ये वीजतंत्रीचे शिक्षण घेतो आहे. तो म्हणतो, झाडू माझ्यावर थांबला पाहिजे. आई दोघांच्या मध्ये. तिघेही माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, धम्म काय सांगतो ते सांगा."

अशा वेळी आपण सुनीत थेरांची गोष्ट सांगतो. हीन मानलेल्या कुळात जन्मलेला, वाळलेली फुले उचलणारा सुनीत. त्याने तथागतांना येताना पाहिले, खांद्यावरची कावड खाली ठेवली आणि तो संघात गेला. गोष्ट थोर आहे. परंतु सुनीत भिक्षू झाला. त्याला घरभाडे द्यायचे नव्हते, धाकट्या बहिणीची फी भरायची नव्हती. गृहस्थाने कावड खाली ठेवली तर संध्याकाळी पीठ कोठून आणायचे?

हाच प्रश्न कोलिय कुळातील दीघजाणूने बुद्धांना विचारला होता. आम्ही बायकामुलांत राहणारी, चंदन लावणारी, पैसाअडका बाळगणारी माणसे. आमच्या हिताचे काही सांगा, असे तो म्हणाला. तथागतांनी त्याला संसार सोड असे सांगितले नाही. चार गोष्टी सांगितल्या : कामातले कौशल्य व उद्योग, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची सोबत आणि मिळकत पाहून खर्च. कामांची नावे घेताना त्यांनी शेती, व्यापार, गोपालन, धनुर्विद्या, राजाची चाकरी, एखादी कला अशी सारी एका ओळीत बसवली. कोणते काम कोणत्या कुळाचे, हे त्यात कोठेही येत नाही.

काम बदलणाऱ्याला या चारही गोष्टी लागतात, आणि माझ्या मते त्यांत क्रमही आहे. जुने काम चालू असतानाच नवे शिकायचे. त्या मुलाला मी हेच म्हणालो : वडिलांची तीन वर्षे हीच तुझी पुंजी आहे, ती भांडणात घालवू नको. सिगाल नावाच्या तरुणाला बुद्धांनी मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्यात, चौथा भाग संकटासाठी राखून. आपल्याकडे लग्नात आणि बारशाच्या मंडपात हे चारही भाग एकदमच जातात. फळ खाण्यासाठी उंबराचे सगळे झाड हलवणाऱ्याशी बुद्धांनी उधळ्या माणसाची तुलना केली आहे. मंडपाचे बिल पाहिले की मला ते झाड आठवते.

खरा कठीण काळ मधला असतो. जुने सुटलेले, नवे हाताला न लागलेले. बाबासाहेबांनाही तो चुकला नाही. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईला आले. शिकवण्या केल्या. शेअरबाजाराविषयी सल्ला देण्याचे काम काढले, तर जात कळताच गिऱ्हाईक येईना. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली. ती मिळताच ते स्वस्थ बसले नाहीत, आणि ती लगेच सोडलीही नाही. पगारातून पैसे साठवले, माता रमाईंनी काटकसरीने घर चालवले, आणि १९२० च्या मार्चमध्ये राजीनामा दिला. शाहू महाराजांची मदत होती, नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज होते. १९२३ साली परत येऊन वकिली सुरू केली, तेव्हाही अस्पृश्यतेमुळे कामे मिळणे कठीण होते. म्हणून १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी संसाराला हातभार लावला. लंडनचा डी.एस्सी., बॅरिस्टर झालेला माणूस अर्धवेळ शिकवणी करतो, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्या पदवीधर मुलांनी हे ध्यानात घ्यावे. नव्या कामाची पहिली पायरी बहुधा खालचीच असते.

त्या मुलाने वारसाची नोकरी घेतली तर तो धम्मातून गेला, असे कोणी म्हणू नये. पण घेतलीच तर शिकलेली वीजतंत्री सोडू नये, आणि वारसाचा कागद पुढच्या पिढीच्या नावे करण्याआधी त्या मुलामुलींना विचारावे. मुलींनाही, कारण सुनेच्या किंवा लेकीच्या हाती झाडू देताना तर आपण विचारतही नाही.

राहिली कल्याणमित्रांची गोष्ट. माझ्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. कोणता अर्ज कोठे मिळतो, हे सांगणारे घरात कोणी नव्हते. आजही बहुतेक घरांत नसते. म्हणून यंदाच्या वर्षावासात प्रत्येक पौर्णिमेला वंदनेनंतर एक तास विहारात जातीचे दाखले, बँकेचे कर्ज, प्रशिक्षणाचे अर्ज यांसाठी ठेवावा. नर्स, कारकून, तंत्रज्ञ असलेल्या आपल्या माणसांनी त्या वेळी चटईवर बसावे. आणि ज्या बाईने दारूची भट्टी विझवली, तिच्या घरी पहिले सहा महिने किराणा कोण भरणार, हे समितीने तिला शील सांगायला जाण्यापूर्वी ठरवावे. वस्तीतल्या वीस घरांनी महिन्याला एकेक शेर तांदूळ काढला तरी तिची चूल चालते.