मंगळाच्या आठ कला

आधुनिक विज्ञानाच्या जन्माची गोष्ट बहुतेक वेळा गॅलिलिओच्या दुर्बिणीपासून सुरू होते. मला ती मंगळाच्या हिशेबात न बसलेल्या ८ कलांपासून सांगावीशी वाटते. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पूर्ण चंद्राचे बिंब साधारण ३० कलांचे असते. त्याच्या चौथाईएवढा हा फरक.

टायको ब्राहेने तेव्हा डेन्मार्कच्या असलेल्या व्हेन बेटावर सुमारे वीस वर्षे आकाशाचे वेध घेतले, तेही दुर्बिणीशिवाय. भलीमोठी यंत्रे उभारायची, त्यांच्यातले दोष मोजायचे, पुन्हा पुन्हा वेध घ्यायचे. या चिकाटीने त्याने चूक एक-दोन कलांवर आणली. त्याच्या मते पृथ्वी स्थिर होती. १६०१ साली प्रागमध्ये तो वारला आणि त्याचे आकडे योहानेस केप्लरच्या हाती आले. केप्लर पक्का कोपर्निकसवादी, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मानणारा. लहानपणी आलेल्या देवींमुळे त्याची नजरही अधू होती. दुसऱ्याच्या डोळ्यांवर भिस्त ठेवणे त्याला भागच होते.

त्याने मंगळासाठी वर्तुळाकार कक्षेची सुबक रचना केली. आकाशातल्या दिशा जुळल्या, पण सूर्यापासूनची अंतरे जुळेनात. अंतरे सांभाळायला गेले, की काही ठिकाणी मंगळ ८ कला बाजूला पडे. प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीच्या परंपरेत एवढी तफावत वेधातली चूक म्हणून सहज खपून गेली असती. केप्लरने ती खपवून घेतली नाही. टायको एवढा चुकणार नाही, तेव्हा चूक माझ्या रचनेत आहे, असे त्याने मानले.

मला इथे विज्ञानाचा जन्म दिसतो. पृथ्वी फिरते की नाही, या प्रश्नावर ज्याच्याशी आपले पटत नाही, त्याच्या नोंदीपुढे माणूस स्वतःची काही वर्षांची मेहनत मोडीत काढतो. वेध पूर्वीही होते, गणितही होते. पुराव्याला मताच्या वर बसवण्याची ही सक्ती मात्र नवी होती. खुद्द गॅलिलिओनेही ग्रहांची वर्तुळे सोडली नाहीत.

१६०९ साली केप्लरने एका पुस्तकात मंगळाची लंबवर्तुळाकार कक्षा जाहीर केली. न्यूटनला पुढे तिचाच आधार मिळाला. त्याच पुस्तकात केप्लरने आपल्या फसलेल्या वाटाही छापल्या. हे गणित वाचून कंटाळलात तर माझी कीव करा, मी ते निदान ७० वेळा केले आहे, असे तो वाचकाला सांगतो. हे गणित त्याच्या लंबवर्तुळाचे नव्हते. ते त्याने टाकून दिलेल्या वर्तुळाचे होते.