परक्याचा न्याय कोणी करावा?

आपल्या अंगणात येऊन ज्याने व्यापार केला, त्याने तंटा उद्भवल्यास आपल्याच पंचांपुढे उभे राहावे काय? वरवर पाहता हा प्रश्न वकिलांचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी शेजारधर्म आहे, अशी आमची धारणा आहे.

अमेरिकेत शासनमान्य अशा ५७० हून अधिक आदिवासी जमाती आहेत. त्यांपैकी अनेकांची स्वतःची न्यायालये आहेत. प्रतिवादी जमातीबाहेरचा असला की मात्र या न्यायालयांच्या अधिकाराविषयी वाद उभा राहतो. १९८१ साली मोंटाना राज्य व क्रो जमात यांच्या संबंधातील खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सामान्यतः बाहेरच्यांवर जमातीची सत्ता चालत नाही. याला अपवाद दोन : परक्याने करार वा व्यापार करून जमातीशी स्वखुशीने संबंध जोडला असेल, किंवा त्याच्या वर्तनाने जमातीचे स्वराज्य, अर्थव्यवस्था वा आरोग्य धोक्यात येत असेल. पुढे १९९७ साली, आदिवासी क्षेत्रातून जाणाऱ्या राज्य महामार्गावरील अपघाताचा दावा या अपवादांत बसत नाही, असा निर्णय झाला.

परक्याची भीती पोकळ आहे, असे आम्ही म्हणणार नाही. जमातीच्या शासनात त्याला मत नसते. तिच्या रूढी त्याला अपरिचित असतात. संत पौलानेही जेरुसलेमेत न्यायासाठी जाण्याचे नाकारून कैसराकडे दाद मागितली होती. पण पौलाच्या जिवावर घात टपला होता. केवळ अनोळखीपणा म्हणजे अन्याय नव्हे. परराज्यात व्यापार करणाऱ्याला तेथे मताधिकार नसतो, तरीही तेथील न्यायालय तो मानतोच. मग अविश्वास आदिवासी न्यायाधीशाविषयीच का?

मिसिसिपीतील चॉक्टॉ जमातीच्या भूमीवर डॉलर जनरल कंपनीचे दुकान होते. जमातीच्या योजनेखाली तेथे काम शिकण्यास गेलेल्या १३ वर्षांच्या मुलाशी व्यवस्थापकाने २००३ साली लैंगिक गैरवर्तन केले, असा आरोप झाला. कंपनीने जमातीच्या न्यायालयाचा अधिकार नाकारला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मते पडली. त्यामुळे जमातीचा अधिकार मानणारा खालचा निर्णय कायम राहिला, पण तत्त्व अनिर्णितच राहिले. जमातीची जागा भाड्याने घ्यावी, तिची मुले कामास ठेवावीत, आणि जाब देण्याची वेळ आली की तिचे न्यायासन मात्र नाकारावे, हे आमच्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही.

येथे आपल्या ख्रिस्तसभेनेही अंतर्मुख व्हावयास हवे. १८२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने युरोपियनांच्या 'शोधा'च्या आधारे आदिवासींचा भूमिहक्क खुजा केला. त्या सिद्धान्ताला पंधराव्या शतकातील पोपच्या आज्ञापत्रांचा आधार दिला जात असे. डोमिनिकन धर्मपंडित फ्रान्सिस्को द व्हितोरिया यांनी १५३९ सालीच आदिवासी हे आपल्या भूमीचे खरे धनी आहेत, असे प्रतिपादन केले होते. व्हॅटिकनने तो सिद्धान्त जाहीरपणे नाकारला तो २०२३ साली. अकरावे पायस यांनीही १९३१ साली शिकविले की, लहान समुदाय जे कार्य स्वतः पार पाडू शकतो, ते मोठ्याने त्याच्याकडून हिरावून घेऊ नये. न्यायदान हे असेच कार्य आहे.

अर्थात अधिकाराबरोबर उत्तरदायित्वही येते. स्थानिक आणि परका यांना एकच नियम असावा, अशी आज्ञा लेवीयच्या पुस्तकात आहे. जमातीच्या न्यायासनाने परक्याचे म्हणणे निःपक्षपातीपणे ऐकावे; परक्याने त्या आसनापुढे नम्रतेने उभे राहावे. यांपैकी एकच गोष्ट मागणारा स्वतःपुरता न्याय मागतो, असे आम्हांस वाटते.