न शिकलेपणाचे कौतुक

एखाद्या कलावंतास ‘स्वयंशिक्षित’ म्हणताना आपण त्याचा गौरव करतो, की त्याच्या अज्ञानावर लुब्ध होतो? आल्फ्रेड वॉलिस (१८५५–१९४२) या इंग्रज दर्यावर्दी चित्रकाराचे चरित्र वाचताना हा प्रश्न आमच्या मनात वारंवार उभा राहिला.

वॉलिसचे तारुण्य समुद्रावर गेले. पुढे कॉर्नवॉल प्रांतातील सेंट आइव्ह्ज या कोळ्यांच्या बंदरात त्याने जुन्या जहाजी सामानाचे दुकान चालविले. १९२२ साली पत्नी निवर्तली, आणि एकटेपणास सोबत म्हणून सत्तरीच्या सुमारास त्याने कुंचला हाती धरला. पुठ्ठ्याचे वेडेवाकडे तुकडे हा त्याचा फलक, आणि होड्यांस लावावयाचा रंग तोच त्याचा रंग! १९२८ साली बेन निकल्सन व क्रिस्टोफर वुड हे तरुण चित्रकार त्याच्या उघड्या दारावरून जात असता आतील चित्रे पाहून थक्क झाले.

दूरचे लहान व जवळचे मोठे, हा नियम त्या चित्रांत नाही. जे त्यास महत्त्वाचे वाटले ते मोठे झाले आहे. रसिकांनी यास बालसुलभ निरागसता म्हटले. परंतु लाटेचा उसळा आणि शिडाचा ताण ज्याने अंगावर घेतला, त्यास बालक कसे म्हणावे? त्याची पाठशाळा समुद्रावर भरली होती, इतकेच.

हा केवळ शब्दांचा वाद आहे, असे वाचकांनी समजू नये. अज्ञान हेच कलेचे मूळ मानले, की दारिद्र्यही तिचे भूषण ठरते. मग ते दूर करण्याचे कर्तव्य कोणावरच उरत नाही. वॉलिसची चित्रे काही शिलिंगांस विकली जात. आज केंब्रिजच्या केटल्स यार्ड या एका संग्रहातच ती शंभरावर आहेत. वॉलिस मात्र मॅड्रन येथील निराधारगृहात वारला. चाहत्यांनी तेथेही त्यास रंग पुरविले, मृत्यूनंतर त्याचे बेवारशी दफन टाळले, आणि बर्नार्ड लीच या कुंभकाराने त्याच्या थडग्यासाठी चित्रित फरशा घडविल्या. त्यांचे प्रेम खोटे नव्हते. ते माणसापेक्षा चित्रांवर अधिक होते, असे मात्र आम्हास वाटते.

कलावंताचे ऋण कौतुकाने फिटत नाही. ज्याचे चित्र आपण भिंतीवर लावतो, त्याच्या चुलीची चौकशी करणे हाही रसिकतेचाच भाग होय.