उघडून बघू!

बंद पडलेला ट्रक एकट्या मालकाचा राहत नाही. गुहागर-विजापूर रस्त्यावर, विट्याच्या अलीकडे-पलीकडे, तीनशे घोड्यांचं एखादं धूड गपगार उभं राहू द्या. पाच मिनिटांत भोवती तज्ज्ञ जमतात. एक म्हणतो, "गिअरबॉक्स गेला." दुसरा म्हणतो, "क्लच." तिसऱ्याकडे सायकलसुद्धा नसते. तो म्हणतो, "उघडल्याशिवाय कळायचं नाही."

पूर्वी बरं होतं. दोष ड्रायव्हरच्या डाव्या पायावर ढकलता येई. आता काही नव्या ट्रकांत क्लचचं पेडलच नसतं. गिअर तेच, क्लचही तोच. फक्त संगणकाने हुकूम सोडला की हवेच्या दाबाने तो दाबला जातो. मग शिव्या कुणाला घालायच्या? हवेला?

मिस्त्री यंत्र जोडतो. यंत्र एक आकडा दाखवतं. अर्थ काय, तर क्लच हवा तेवढा हलला नाही. अहो, हे ड्रायव्हर मघापासून फुकट सांगतोय! का हलला नाही? टाकीत हवा कमी, बॅटरीची अर्थिंग गंजलेली, सेन्सरचा प्लग सैल, की प्लेट खरोखरच झिजली? इथे यंत्राचं मौनव्रत सुरू होतं.

खरं कळण्यासाठी किती मोडतोड करावी, हा प्रश्न विट्याला नवा नाही. या भागातले गलाईवाले देशभर सोनं-चांदी गाळतात. दागिना आधी कसोटीवर घासायचा, आम्ल लावायचं. पण कसोटीला कळतो वरचा थर. आतलं तांबं पकडायचं तर दागिना भट्टीतच घालावा लागतो. मग कस कळतो, पण आजीची पाटली आजीची राहत नाही. म्हणून भट्टीआधी मालकाला विचारायचं. गिअरबॉक्सला मात्र कुणी आजी नाही.

आणि माझं खरं दुखणं पुढेच आहे. एखादा मिस्त्री आधी हवेचा काटा बघतो, मग वायरी हलवून बघतो, शेवटी पॉलिश पेपरने अर्थिंग घासतो आणि ट्रक चालू करून देतो. मालक म्हणतो, "एवढंच? मग पाचशे कशाचे, वस्ताद?" हाच मालक, दोन दिवस गिअरबॉक्स खाली उतरवून ठेवला असता, तर हजारोंचं बिल मुकाट मोजता आणि वर चहा पाजता.

पुढच्या खेपेला वस्तादाने आधी गिअरबॉक्स उतरवला आणि मग अर्थिंग घासली, तर त्याला लबाड कोणत्या तोंडाने म्हणायचं?